गॅस ग्रिलवर पिझ्झा : खाली कोळसा, वर कच्चा

फोडणीचा_भात · ७ जून

मंडळी, हात टेकले.

मागच्या उन्हाळ्यात परसात ठेवायला गॅसचा ग्रिल घेतला. तीन बर्नर, वर झाकण, बाजूला टाकी, साधाच. मक्याची कणसं, पनीर, कोंबडीच्या तंगड्या, भरताची वांगी, सगळं त्यावर झकास होतं. मग पिझ्झ्याचं खूळ डोक्यात शिरलं. इथे न्यू जर्सीत जूनमध्ये घरातलं ओव्हन तासभर चालू ठेवलं की एसी दमतो, म्हणून म्हटलं बाहेरच करू.

पिझ्झाचा दगड आणला. एका व्हिडिओत बघून ५०० ग्रॅम मैद्याला ३५० ग्रॅम पाणी घालून पीठ भिजवलं. तिन्ही बर्नर पूर्ण वर, झाकण बंद, अर्धा तास तापवलं. झाकणावरचा काटा ५०० फॅरनहाइटवर, म्हणजे २६० सेल्सिअस. पिझ्झा टाकला. चार मिनिटांत जळका वास. उघडून बघतो तर चीज जेमतेम घामेजलेलं, टोमॅटो गार, आणि खालून पार काळाठिक्कर. दुसरा मंद आचेवर केला, वीस मिनिटांनी त्याचा खाकरा झाला. तिसरा दगडावर उतरेचना. पाटाला चिकटला, झटका दिला तर अर्धा पुढे गेला, अर्धा मागेच राहिला आणि घडी पडली. मुलीने त्याचं नाव ‘करंजी’ ठेवलंय.

४ जुलैला अकरा जण जेवायला येणार आहेत आणि मी सगळ्यांना आधीच सांगून बसलोय. कुठे चुकतंय?

टवाळखोर · ७ जून

ग्रिल उलटा टांगा. पुढचा प्रश्न?

हॅम्बुर्गकर · ७ जून

टवाळखोर चेष्टा करताहेत, पण दुखणं त्यांनी बरोबर पकडलंय. ग्रिलला आच एकाच बाजूने आहे, खालून.

विटांच्या भट्टीत तसं नसतं. घुमट तापून लाल होतो आणि त्याची धग वरून पिझ्झ्यावर पडते, चीज त्या धगीने शिजतं. ग्रिलचं झाकण म्हणजे पातळ पत्रा. तो स्वतः फारशी उष्णता धरत नाही, गरम हवा मागच्या फटीतून निघून जाते आणि झाकण उघडलंत की उरलीसुरलीही गेली. दगड मात्र बर्नरच्या डोक्यावर अर्धा तास बसलेला. काटा २६० दाखवतो ती झाकणाजवळची हवा. दगड केव्हाच चारशेच्या घरात गेलेला असणार. बंदुकीसारखा इन्फ्रारेड थर्मामीटर मिळतो, तो दगडावर रोखून बघा, खात्री पटेल.

माझ्याकडे गॅसचा नाही, गोल कोळशाचा ग्रिल आहे, इकडे त्याला कुगेलग्रिल म्हणतात. तुमच्या अमेरिकेचीच देणगी. शिकागोजवळच्या एका धातूच्या कारखान्यातल्या जॉर्ज स्टीफन यांनी १९५२ साली पाण्यात तरंगणाऱ्या बोयाचा गोळा मधोमध कापून पहिला असा ग्रिल केला. वाऱ्याने जेवण बिघडू नये एवढाच हेतू होता, पण ते खोलगट झाकण आम्हा पिझ्झावाल्यांच्या पथ्यावर पडलं. मी निखारे मागच्या बाजूला अर्धचंद्रासारखे रचतो, दगडाखाली एकही नाही. पिझ्झा टाकायच्या आधी निखाऱ्यांवर सुक्या लाकडाचे दोन ढलपे टाकतो. ज्वाळा झाकणाला चाटत पुढे येते, वरची आच ती.

गॅसवर हे जमणार नाही, पण दोन गोष्टी करता येतील. एक, दगड जाळीवर थेट न ठेवता चार साध्या विटांवर उचला, म्हणजे तो बर्नरपासून लांब आणि झाकणाच्या जवळ जाईल. दुसरं, दगड ३०० सेल्सिअसला आला की त्याच्या खालचा मधला बर्नर बंद करा, दोन बाजूचे पूर्ण ठेवा, मग पिझ्झा टाका. सहा-सात मिनिटं लागतील आणि तेवढा वेळ झाकण उघडायचं नाही. एकदाच, पिझ्झा फिरवायला.

फोडणीचा_भात · ८ जून

हॅम्बुर्गकर, अगदी डोळे उघडले. थर्मामीटर मागवला.

एक कबुली द्यायची राहिली होती. काल रात्री दगडावरचं जळकं चीज निघेना म्हणून तो साबणाच्या पाण्यात भिजत घातला. आज संध्याकाळी विटा रचून, दगड ठेवून पेटवलं. दहा मिनिटांत ‘टक्’ असा आवाज आला. आता माझ्याकडे दोन अर्धगोल दगड आहेत.

हॅम्बुर्गकर · ८ जून

अरेरे. दगडाने पाणी प्यायलं आणि आत वाफ झाली. दगड धुवायचा नसतो, खरवडायचा. काळे डाग राहू द्यायचे. आणि नेहमी थंड ग्रिलमध्ये ठेवून मगच पेटवायचं. दोन तुकडे एकमेकांना टेकवून ठेवून वापरता येतात, मी तीन तुकड्यांवर दोन वर्षं काढली आहेत.

निखारेवाली · ८ जून

दगड गेला ते बरंच झालं. आता ऐका.

मी बॉस्टनजवळ असते. इथून तासाभरावर र्‍होड आयलंडमधलं प्रॉव्हिडन्स. तिथे जोहॅन किलीन आणि जॉर्ज जर्मॉन या जोडप्याने १९८०मध्ये ‘अल फोर्नो’ नावाचं रेस्टॉरंट काढलं आणि पिझ्झा थेट जाळीवर भाजायला सुरुवात केली. दगड नाही, ताटली नाही, पीठ सरळ निखाऱ्यांवरच्या गजांवर. ‘अल फोर्नो’ म्हणजे ‘भट्टीतलं’, आणि प्रसिद्ध झाले जाळीवरच्या पिझ्झ्यासाठी. आता या भागात ही पद्धत घरोघरी रुळली आहे.

यात वरच्या आचेची गरजच उरत नाही, कारण पिझ्झा उलटायचा असतो. पीठ पसरायचं, दोन्ही बाजूंना तेल, गरम जाळीवर टाकायचं. मिनिट-दीड मिनिटात फुगे येतात, खाली गजांचे पट्टे उमटतात. उलटायचं. आता भाजलेली बाजू वर आली आणि ती आधीच शिजलेली आहे. तिच्यावर चीज, त्यावर सॉस, झाकण बंद, दोन-तीन मिनिटं. चीजला फक्त वितळायचं काम उरतं.

आपण भाकरी अशीच करतो. तव्यावर एक बाजू, मग उलटून विस्तवावर. भाकरीला वरून आच कोण देतं?

काही गोष्टी मात्र सांभाळा. ३५० ग्रॅम पाणी म्हणजे पिठाच्या वजनाच्या ७० टक्के झालं, ते भट्टीसाठी ठीक. जाळीवर ते पीठ गजांमधून लोंबेल. ६० टक्क्यांच्या वर जाऊ नका. पीठ ओट्यावर कोरडं लाटण्याऐवजी उलट्या ट्रेवर सढळ तेल लावून बोटांनी पसरा, गोलाचा आग्रह सोडा. चीज आधी आणि सॉस नंतर, तोही चमच्याने ठिपके दिल्यासारखा. सॉसचा थर पसरलात तर चीज वितळायच्या आत तळ ओला होतो. आणि ग्रिलची अर्धी बाजू कडक, अर्धी मंद ठेवा. पहिली बाजू कडकवर, चीज घातल्यावर मंदवर ओढा.

शास्त्रोक्त · ९ जून

सगळं छान, पण याला पिझ्झा म्हणू नये. नेपल्सची संस्था, असोचात्सिओने वेराचे पिझ्झा नापोलेताना, १९८४ पासून याच कामासाठी आहे. लाकडाची भट्टी, साडेचारशे अंशांच्या आसपास आच, ६० ते ९० सेकंद, व्यास ३५ सेंटीमीटरच्या वर नाही. पीठ हाताने पसरायचं, लाटणं निषिद्ध. २०१७ मध्ये युनेस्कोने नेपल्सच्या पिझ्झा करणाऱ्यांची कला अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. आपण म्हणता ती चीज लावलेली भाकरी.

टवाळखोर · ९ जून

चीज लावलेली भाकरी अकरा जण खातील. काळाठिक्कर वारसा कोणी खाणार नाही.

निखारेवाली · ९ जून

शास्त्रोक्त, नियम मला मान्य आहेत, ते भट्टीचे आहेत. ज्याच्याकडे भट्टी नाही त्याने भट्टीची नक्कल करून रडत बसायचं की हातात आहे त्या चुलीवर चांगलं लागेल ते करायचं? फोडणीचा भात यांनी तीन पिझ्झे जाळले ते नेपल्सचा पिझ्झा ग्रिलवर करायला गेल्यामुळेच.

शास्त्रोक्त · ९ जून

मग छोटं पिझ्झा ओव्हन घ्या, गॅसवर चालणारं. पाचशे अंशांपर्यंत जातं.

फोडणीचा_भात · ९ जून

घरात एअर फ्रायर, इन्स्टंट पॉट, वॅफल मेकर, ब्रेड मशीन आणि आता अर्धा-अर्धा दगड आहे. आणखी एक यंत्र आणलं तर मला परसात झोपावं लागेल.

खापरी · ९ जून

धागा वाचून राहवलं नाही. आम्ही जळगावकडचे. शास्त्रोक्त यांनी ‘हाताने पसरायचं, लाटणं निषिद्ध’ म्हटलं आणि मला आजीचे मांडे आठवले. (पुरणाचे खान्देशी मांडे बरं का. बेळगावचे मांडे वेगळे, ते साखरेचे आणि घडीचे. गल्लत नको.)

चुलीवर मातीचं खापर पालथं घातलेलं असायचं. पुरण भरलेला उंडा थोडा पसरवून आजी तो दोन्ही हातांवर घ्यायची आणि पालथ्या हातांवरून, पार कोपरापर्यंत खेळवत खेळवत एवढा मोठा करायची की पलीकडचं दिसावं. मग एका झेपेत खापरावर. तो उतरवताना कचरणारा माणूस मांडा करू शकत नाही. तुमच्या करंजीचं कारण तेच आहे, भाऊ. तुम्ही पाट हलवताना मधेच थांबलात.

पण आजीचं गुपित हातात कमी आणि पिठात जास्त होतं. सपिटाचं पीठ सैल भिजवून, पाणी लावत तिंबून तिंबून, मग तासन् तास झाकून ठेवायची. मुरलेलं पीठ ताणलं की ताणलेलं राहतं. न मुरलेलं मागे पळतं. तुमचा पिझ्झाचा गोळा पसरताना आखडत असेल तर त्याच्याशी मारामारी करू नका, झाकून दहा मिनिटं बाजूला ठेवा, आपोआप नरमतो.

आणि उघड्यावर गव्हाची वस्तू भाजणं आपल्याला काही नवं नाही. वऱ्हाडात गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजतात. त्यांना कोणी युनेस्कोत नेलं नाही म्हणून काय झालं.

गॅलरीतली_बाग · १० जून

माझा प्रश्न वेगळा. पुण्यात चौथ्या मजल्यावर फ्लॅट, गॅलरी चार बाय नऊ. तिथे कोळशाची शेगडी ठेवून हे करता येईल का? बाबांची जुनी लोखंडी शेगडी आहे. पाऊस आला तर सरकत्या काचा ओढून घेईन.

हॅम्बुर्गकर · १० जून

काचा ओढून अजिबात नाही. कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोकं जड वाटेपर्यंत उशीर झालेला असतो. निखारे विझल्यासारखे दिसतात तेव्हाही तो निघतच असतो, त्यामुळे काम झाल्यावर शेगडी घरात आणायची नाही. उघड्या गच्चीवर, सोसायटीची परवानगी घेऊन, शेजारी पाण्याची बादली ठेवून करा.

निखारेवाली · १० जून

बरोबर. इथेही अपार्टमेंटच्या बाल्कनीत ग्रिल ठेवायला बहुतेक ठिकाणी मनाई असते.

आणि फोडणीचा भात, तुम्हालाही सांगून ठेवते. गॅस पेटवताना झाकण नेहमी उघडं. बंद झाकणाखाली गॅस साठतो आणि ठिणगी पडली की भुवया जातात. टाकी बदलली की नळीच्या जोडांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघायचं. ‘आच वाढवायला मागची फट फॉइलने बुजवा’ असं सांगणारे व्हिडिओ आहेत, ते करू नका. ती फट वाफ आणि जळका वायू बाहेर जायला असते. बुजवली की उष्णता पुढे बटणांकडे आणि खाली नळीकडे वळते.

शेवटचं, जाळी तारांच्या ब्रशने घासत असाल तर सोडा. तार तुटून जाळीवर राहते, पिठाला चिकटते आणि घशात जाते. इस्पितळात जाऊन काढून घ्यावी लागल्याच्या घटना घडल्या आहेत.

खापरी · १० जून

अर्धा कांदा काट्याला टोचा, तेलात बुडवा आणि गरम जाळीवर घासा. डोशाच्या तव्याला करतो तसंच.

गॅलरीतली_बाग · १० जून

गच्चीची चावी सेक्रेटरींकडे आणि ते गावाला. तोवर घरच्या गॅसवर काही जमेल?

खापरी · १० जून

जमेल. जाड लोखंडी तवा कडक तापवा. पीठ तेल लावून त्यावर टाका, फुगे आले की उलटा, चीज-सॉस घाला, वर खोलगट झाकण ठेवा, आच एकदम मंद. झाकणाच्या कडेने चमचाभर पाणी तव्यावर सोडलंत तर वाफेने चीज लवकर वितळतं. नान करतात तसा तवा उलटा धरून आचेवर भाजायचा असेल तर तो चीज घालायच्या आधी. हे सांगावं लागतं, कारण आमच्याकडे एकाने नंतर केलं होतं.

पोळपाट · ११ जून

मेलबर्नहून नमस्कार. पिठाबद्दल कोणीच नीट बोललं नाही म्हणून लिहिते.

लोक ‘डबल झीरो’ या इटालियन पिठाच्या मागे धावतात. तो शून्य-शून्य आकडा पीठ किती पांढरं चाळलंय त्याचा असतो, ताकदीचा नाही. ताकद प्रथिनांत असते. पाकिटावर १०० ग्रॅमला साडेबारा-तेरा ग्रॅम प्रथिनं असतील तर ते पीठ छान ताणलं जातं. भारतातला मैदा साधारण दहा-अकराचा. तोही चालतो, फक्त पाणी थोडं कमी घाला आणि जास्त दिवस आंबवू नका, सैल पडतो. शिवाय डबल झीरो भट्टीच्या आचेसाठी बनवलेलं, कमी आचेवर लवकर लाल होत नाही. अमेरिकेतल्या ब्रेड फ्लोअरमध्ये, म्हणजे पावासाठीच्या पिठात, बऱ्याचदा माल्ट (मोड आणलेल्या धान्याची पूड) घातलेलं असतं, ते ग्रिलच्या आचेवर चांगला रंग देतं. म्हणजे तुमच्या कामाला स्वस्तातलंच पीठ जास्त बरं.

हॅम्बुर्गकर · ११ जून

जर्मनीत असाल तर ५५० नंबरचं घ्या. तो आकडाही पीठ किती चाळलंय त्याचाच, फक्त राखेवरून ठरवलेला. १०० ग्रॅम पीठ जाळलं तर साधारण ५५० मिलिग्रॅम राख उरते. आमच्याकडे माणूस पीठसुद्धा जाळून मोजतो.

टवाळखोर · ११ जून

फोडणीचा भात यांच्या पहिल्या पिझ्झ्याचा नंबर किती आला असता?

फोडणीचा_भात · १५ जून

दुसरा प्रयत्न. दगड नाही, थेट जाळी. चांगली बातमी : वरचं-खालचं भांडण मिटलं. खरंच उलटल्यावर सगळं सोपं आहे. चीज तीन मिनिटांत वितळलं, तळाला गजांचे पट्टे, चव धुरकट आणि मस्त. घरातल्यांनी न बोलता खाल्लं, म्हणजे पसंत पडलं.

वाईट बातमी : हे चारपैकी दोनांबद्दल. उरलेल्या दोनांचं पीठ गजांमधून खाली लोंबलं आणि पकडीला बिलगून बसलं. फाडून काढावं लागलं. पाणी ६० टक्केच होतं. आणि कांदा, ढोबळी मिरची कच्चट राहिली.

निखारेवाली · १५ जून

पहिले दोन चांगले आणि नंतरचे बिघडले की नंतरचे आधी? पीठ फ्रिजमधून कधी काढलं होतं?

फोडणीचा_भात · १५ जून

पहिले दोन चांगले. पीठ दुपारी काढलं होतं, शेवटचे होईपर्यंत चारेक तास झाले असतील. बाहेर ३३ अंश होते.

निखारेवाली · १५ जून

मिळालं उत्तर. पीठ जास्त फुगून ढिलं पडलं. उन्हाळ्यात गोळे एकदम बाहेर काढायचे नाहीत. तासभर आधी दोन, मग दोन. आणि पहिल्या दोनांनंतर जाळीवर चीज सांडलेलं असणार, तेही चिकटतं. मधे एकदा खापरींचा कांदा फिरवा. टाकल्यावर पहिलं मिनिटभर पिठाला हात लावू नका. खालची बाजू वाळली की ते स्वतःच सुटतं. आधी ओढायला गेलात की फाटणारच.

भाज्या पिझ्झ्यावर शिजत नाहीत, तेवढा वेळच नसतो. ग्रिल तापत असताना कांद्याच्या जाड चकत्या, मिरची, वांग्याचे काप जाळीवर भाजून घ्या आणि मग वर घाला.

साष्टीकर · १६ जून

मडगावहून. चवरीस अजून कोणाच्या डोक्यात कसा आला नाही? गोव्याचा चवरीस, म्हणजे डुकराच्या मांसाचं मसालेदार सॉसेज, वरचं आतडं काढून, मंद आचेवर त्याच्याच चरबीत परतून घ्यायचा, बरोबर कांदा. ती लाल चरबी फेकायची नाही, सॉसऐवजी ठिपके तिचेच. टोमॅटोची गरज उरत नाही, व्हिनेगरचा आंबटपणा असतोच. मीठ मात्र पिठात कमी घाला. पण तो कच्चा पिझ्झ्यावर टाकू नका, चरबी गळून खाली आगीचा भडका उडतो. माझ्या मेहुण्याच्या दाढीला विचारा.

चीजबद्दल, पाण्यातलं ताजं मोझरेला ग्रिलला नको, पाणी सोडतं. विटेसारखं घट्ट येतं ते घ्या आणि स्वतः किसा. किसलेलं पाकीट घेतलं तर तुकडे चिकटू नयेत म्हणून त्याला पिठी लावलेली असते, नीट वितळत नाही.

गॅलरीतली_बाग · १७ जून

तव्यावर केला! झाकणाची युक्ती लागू पडली. अर्धी कणीक, अर्धा मैदा घेतला होता, जरा वातड झाला. कणकेचं प्रमाण किती चालेल?

पोळपाट · १७ जून

पाव हिस्सा, फार तर तीस टक्के. कोंडा पिठाचे धागे कापतो, म्हणून जास्त झाली की ताणलं जात नाही. आणि चक्कीची कणीक पाणी जास्त पिते, तेव्हा कणकेच्या वाट्याचं पाणी थोडं वाढवा आणि भिजवून अर्धा तास नुसतंच ठेवून मग मळा.

फोडणीचा_भात · २२ जून

तिसरा प्रयत्न, चारही उतरले. आता खरा पेच. अकरा माणसं आणि एका वेळी जाळीवर दोनच मावतात. मी ग्रिलपाशी घामाघूम, पहिल्याचं खाऊन झालं तरी शेवटचा उपाशी, असं होणार.

निखारेवाली · २२ जून

म्हणून तर जाळीची पद्धत. सकाळीच सगळे तळ भाजून ठेवायचे. पहिली बाजू पट्टे येईपर्यंत, दुसरी जेमतेम अर्धं मिनिट. थंड झाले की कापडात एकावर एक रचून ठेवा. संध्याकाळी भाजलेल्या बाजूवर चीज-सॉस आणि दोन-तीन मिनिटं झाकणाखाली. पोळीच्या दुरडीसारखं बाजूला तयार असलं की माणूस पाहुण्यांशी बोलू शकतो.

अकरा जणांत मुलं किती? आठ पिझ्झे पुरतील, दहा इंची. १ किलो ब्रेड फ्लोअर, ६०० ग्रॅम गार पाणी, २५ ग्रॅम मीठ, ३० ग्रॅम तेल, इन्स्टंट यीस्ट ३ ग्रॅम म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. मळून, २०० ग्रॅमचे आठ गोळे करून, तेल लावलेल्या डब्यात एक दिवस फ्रिजमध्ये.

हॅम्बुर्गकर · २२ जून

आणि टाकीत गॅस आहे का बघा. हा सल्ला अनुभवाचा आहे.

फोडणीचा_भात · ५ जुलै

वृत्तांत.

आठ गोळे, आठही पिझ्झे झाले. तळ सकाळी साडेनऊलाच भाजून ठेवले, शेजारचे आजोबा कुंपणावरून विचारत होते की नाश्त्याला काय आहे. संध्याकाळी गर्दी झाली तेव्हा मी खरंच फक्त चीज घालून झाकण लावत होतो. सगळ्यात आधी संपला तो भाजलेल्या वांग्याचा, वर लसणीची चटणी भुरभुरलेला. मुलांनी साधा चीजचा मागून मागून खाल्ला. मांसाहाऱ्यांना चवरीस इथे मिळाला नाही, पोर्तुगीज दुकानातला शोरिसू आणला. साष्टीकर नाराज होतील, पण चरबी फेकली नाही.

सातव्या पिझ्झ्याला ज्वाळा मंद झाल्या. टाकी. हॅम्बुर्गकरांचं वाचून मी वजन करून बघणार होतो आणि राहून गेलं. शेवटचे दोन खापरींच्या पद्धतीने आत स्वयंपाकघरात, तव्यावर, झाकणाखाली पाणी सोडून उरकले. कोणाला फरक कळला नाही. मुलीला कळला. म्हणाली, याला पट्टे नाहीत.

साष्टीकर · ५ जुलै

शोरिसू चालेल. तो चवरीसाचा आजोबाच.

शास्त्रोक्त · ५ जुलै

वांग्याचा तो, लसणीच्या चटणीचा. चीज कोणतं घातलं होतं आणि चटणी आधी की नंतर?

फोडणीचा_भात · ५ जुलै

घट्ट मोझरेला आणि थोडं प्रोव्होलोन. चटणी उतरवल्यावर, आधी घातली तर लसूण करपून कडू होतो.

टवाळखोर · ५ जुलै

शास्त्रोक्त चीज लावलेल्या भाकरीची पाककृती विचारताहेत. कोणीतरी स्क्रीनशॉट काढून ठेवा.